ट्रेमध्ये राहिलेलं पातं

रुग्णालयाच्या तळमजल्यावर ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करायचा विभाग होता. तिथल्या सगळ्यात जुन्या बाईंना सगळे भिंगवाल्या काकू म्हणत. कात्रीच्या सांध्यात रक्ताचा कण उरला, तर त्यांच्या भिंगातून सुटायची सोय नव्हती. धुतलेली अवजारं वाफेच्या मशीनमध्ये गेली तरी वाफ नीट लागली की रंग बदलणारी पुडीवरची पट्टी स्वतः पाहिल्याशिवाय त्या पुडी वर पाठवत नसत.

त्या दिवशी दुपारी वापरलेला एक ट्रे खाली आला. चाकूचं पातं वर ऑपरेशनच्या खोलीतच काढून डब्यात टाकायचं, असा नियम होता. पण रक्ताळलेल्या कापडाखाली ते तसंच राहिलं होतं. काकूंनी चिमट्याने कापड उचललं, दुसऱ्या हाताने ट्रे जरा कलता केला, आणि जाड हातमोज्यातून काहीतरी कचकन चावलं.

हातमोजा काढला. बोटातून रक्त येत होतं.

काकू थिजल्या. कुणी पाहिलं नव्हतं. हातमोजा बदलला असता तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. या विचाराचीच त्यांना जखमेहून जास्त भीती वाटली. बोट न दाबता त्यांनी ते वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतलं आणि मोठ्या सिस्टरना हाक मारली.

थोड्या वेळाने त्या पेशंटचे कागद पाहून सिस्टर परतल्या त्या हळू पावलांनी. "काकू, बसा आधी. त्या पेशंटला एचआयव्ही आहे. गोळ्या आत्ताच सुरू करू. वेळेत घेतल्या तर धोका फार कमी होतो."

काकूंना त्यातलं 'कमी' ऐकूच आलं नाही.

काकूंचा नवरा शिंपी. घरी बोटावरची पट्टी बघून तो हसून म्हणाला, "टोचलं म्हणून एवढं घाबरायचं? माझी बोटं बघ, चाळण झालीय!"

"तुमच्या सुईखाली कापड असतं," काकू म्हणाल्या. "माझ्या पात्याखाली माणूस होता." मग त्यांनी सगळं सांगितलं. शिंप्याचं मशीन थांबलं ते त्या संध्याकाळी परत सुरू झालं नाही.

गोळ्यांनी पोटात ढवळायचं. घसा जरा खवखवला तरी लागण झाली की काय असं वाटायचं. रांगणारी नात मांडीकडे आली की काकू हात काखेत दडवून बसत. स्पर्शाने काही होत नाही, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं.

"आई, तू हिला घेत का नाहीस?" लेकीने एकदा विचारलंच.

काकूंनी सांगितलं. लेकीने झटकन बाळाला जवळ ओढलं. तिच्याही नकळत झालं ते, पण काकूंना ते दिसलं. दुसऱ्या दिवशी लेक स्वतः डॉक्टरांना भेटून आली आणि नातीला सरळ काकूंच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "धर गं, माझे हात भरून आलेत." काकूंनी हात काखेतून काढून तिला धरलं.

मधेच एकदा ऑपरेशनच्या खोलीतली नर्स खाली आली. "काकू, ते पातं माझ्याकडून राहिलं. पुढचा पेशंट आत घेतला होता, धांदलीत..."

"माझा राग अजून गेलेला नाही," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण आता पातं काढल्याचं दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय ट्रे झाकू नकोस."

"त्याच दिवसापासून दाखवतेय," नर्स म्हणाली.

काही महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "काही नाही. तुम्ही मोकळ्या." काकूंनी दार उघडलं. बाहेर बाकावर शिंपी डोळे मिटून बसला होता. काकूंचा चेहरा बघायची त्याची छाती होत नव्हती.

सिस्टरनी त्यांना धुण्याचं काम सोडून स्वच्छ अवजारं बांधायच्या टेबलाशी बसायला सुचवलं. आढेवेढे न घेता काकू बसल्या. धुण्याच्या खोलीचं दार उघडलं की त्यांचा श्वास आजही अडकतो. ती भीती त्या कुणापासून लपवत नाहीत.