मागच्या बाजूचा धवला

गंगाबाई म्हणजे संशयाचं माहेरघर. कुणी हसून बोललं तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची, ह्याला काय हवं असेल म्हणून. पण यंदाच्या लगीनसराईत तिला आलेला संशय उगाच होता असं कुणी म्हणू नये. भर हळदीत डीजेवर रॉक बँडचं गाणं लागलं, गिटारी करकरल्या आणि त्या गोंगाटातून तिचाच धवला ऐकू आला. तिच्या हातातला हळद लावायचा आंब्याचा डहाळा तसाच राहिला.

धवला म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात विधी चालवणारं गाणं. ते गाणारी ती धवलारीण, आणि पनवेलजवळच्या त्या गावात हा मान गंगाबाईचा. धवला मांडवाबाहेर गायचा नसतो. त्यात नवरानवरीची नावं घ्यावी लागतात. आणि तो एकटीने होत नाही, एकीने ओळ सोडायची, दुसरीने झेलायची. गंगाबाईची ओळ झेलायला कायम मैना. दोघींचं इतकं जमायचं की श्वास कुणी कुठे घेतला ते कळत नसे.

बँडचं नाव ‘मिठागर’. त्यात ड्रम बडवणारा मिथुन हा गंगाबाईचा सख्खा नातू. तळोज्याला कंपनीतली शिफ्ट संपली की खांदा कॉलनीतल्या एका गाळ्यात मित्रांबरोबर धिंगाणा घालायचा. इतकी वर्षं त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. मग हे ‘मांडव’ नावाचं गाणं आलं आणि रिक्षात, जिममध्ये, पार उरणच्या कोळ्यांच्या हळदीतही तेच वाजू लागलं. बायका डोळे मिचकावून म्हणायच्या, “गंगूबाय, नातवाला धवला दिलास, आमाला पत्ता लागू दिला नाय!” एका यजमानाने तर सरळ सांगितलं, मावशी, तुमचं जरा आटपतं घ्या, नंतर डीजेवर आहेच. गंगाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

गाण्यातला आवाज यंत्रात घालून असा चिरडला होता की बाई आहे एवढंच कळे, नवरानवरीची नावंही उमगत नसत. तिने मिथुनला गाठलं.

“कोन गायलंय हे?”

“आज्ये, नाव नाय सांगनार. तिनं शपथ घातलीय.”

म्हणजे नक्कीच पाणी मुरत होतं. हा धवला अख्खा ठाऊक असलेल्या बाया दोनच, एक ती स्वतः आणि दुसरी मैना. मग गंगाबाईला सगळं आठवायला लागलं. मैना गाव सोडून खांदा कॉलनीत राहायला गेली, ती नेमकी त्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर कशी? मिथुन तिचा विषय निघाला की मान खाली का घालतो? मासळी बाजारात गाठ पडली तेव्हा गंगाबाईने तोंडावर विचारलं, “तूच दिलास ना?” मैना बोंबलांचा वाटा बघत होती. मान वर न करता म्हणाली, “तुला काय वाटतं?” ही काय सरळ माणसाची उत्तरं झाली! त्या दिवसापासून गंगाबाईने तिच्याशी बोलणं टाकलं. दोन लग्नांची आमंत्रणंही परत पाठवली, कारण झेलायला दुसरी कुणी नव्हती. धवलारणीचा मान हातचा जायची वेळ आली होती.

पुरावा पाहिजे म्हणून एका दुपारी तिने मिथुनला ते गाणं पुन्हा लावायला लावलं. ते संपल्यावर फोन पुढे सुरूच राहिला.

“हे काय?”

“बी साइड. जुन्या तबकडीच्या मागच्या बाजूला असायची ना, तशी दोन गानी. कोन ऐकत नाय ती.”

पहिल्यात नुसता दणदणाट होता. दुसऱ्यात मात्र ना गिटार, ना ड्रम, मोकळा बाईचा आवाज. मैनाच! सापडली एकदाची, म्हणून गंगाबाई सरसावून बसली. तेवढ्यात नावं आली. नवरी कुमुद, नवरा सत्यजीत.

कुमुद ही मैनाची लेक. तिने परजातीच्या मुलाशी नोंदणी लग्न केलं, तेव्हा गावाने मांडव नाकारला. मैना तेव्हा गंगाबाईच्या दारात आली होती. म्हणाली होती, दार लावून हळू गाऊ, पण चल. “परक्याचं नाव माज्या धवल्यात बसायचं नाय,” असं गंगाबाईने तिला उंबऱ्यातूनच सांगितलं. मैना गेली, आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. उलट पुढे गावातल्या प्रत्येक लग्नात ती गंगाबाईची ओळ झेलत राहिली.

फोनमध्ये मैना एक ओळ गायची आणि थांबायची. झेलायला लागेल तेवढा वेळ थांबायची. मागे पंख्याची घरघर ऐकू यायची, एकदा कुकरची शिट्टी झाली. झेलत कुणीच नव्हतं. मग ती पुढची ओळ घ्यायची आणि परत थांबायची. गाजलेल्या गाण्यात पोरांनी त्या जागा गिटारींनी भरल्या होत्या. गंगाबाईला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच रिक्षा करून ती खांदा कॉलनीत गेली. मैनाने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

“कोनी धाडलं तुला? गावकीनं?”

“कोनी नाय.”

“मग कबूल करून घ्यायला आलीस. घे, मीच दिला. तुमच्या मांडवात माज्या जावयाला जागा नवती. म्हटलं, वाजू दे मग सगल्यांच्याच मांडवात.”

“मैने, मी कुमुदसाठी गायला आलेय.”

मैनाने तिच्याकडे खालून वर बघितलं. विश्वास बसल्याचं काही चिन्ह नव्हतं. तिने फोन लावला आणि साखळीच्या फटीतून बाहेर धरला. “मला नको सांगू. तिला सांग.”

कुमुदने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गंगूमावशे, त्यांचं नाव घेशील?”

गंगाबाईने पदर डोक्यावरून घेतला आणि जिन्यातच ओळ धरली. कुमुदचं नाव घेतलं, सत्यजीतचं घेतलं, आणि झेलण्यासाठी थांबली. वरच्या मजल्यावरची कुणी बाई कठड्यावरून डोकावली. मैना फटीतून तिच्याकडे बघत उभी होती. तिने ओळ झेलली नाही.

गंगाबाईने दुसरी ओळ घेतली.