खालची पट्टी

चेक छापून बाहेर आला की आबा तो दोन्ही कडांनी धरून खिडकीशी नेत. वरचं नाव, रक्कम यांकडे बघतही नसत. नजर खालच्या पांढऱ्या पट्टीवर, जिथे बँकेचे आकडे असतात. मग निकाल: "सरकलंय." तो चेक रद्द. आम्हाला सरकलेलं काहीच दिसत नसे.

सचिन या गुजराती गावातल्या एका साड्या छापणाऱ्या मिलच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. बँकेनं मिलला स्वतःचे चेक छापायची परवानगी दिली होती. खास कागद, चुंबकीय शाई, आणि खालचे आकडे बँकेचं मशीन वाचणार. हे काम कोणाला द्यायचं यावर शेठनी फार विचार केला नाही. अमळनेरकडचे आबा बावीस वर्षं साड्यांच्या छपाईच्या टेबलावर उभे होते. रंगाच्या वाफेनं खोकला धरला, पुन्हा टेबलावर जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. शेठ म्हणाले, "प्रिंटिंग ते प्रिंटिंग. आता कागदावर करा."

साडीवर एका रंगाशेजारचा दुसरा रंग केसभर हलला तर आबांना लांबून कळे. तीच नजर त्यांनी चेकला लावली. बँकेचं मशीन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याविषयी ते कडक सासऱ्याविषयी बोलावं तसे बोलत. हिशेब लिहिणाऱ्या बाईंना बजावत, "ताई, तेलकट गाठिया खाऊन हात नका लावू. त्याले चालत नाही."

तुम्हाला हे जरा अति वाटेल. आम्हालाही वाटे. पण सुरुवातीला कोणीतरी स्वस्त पडते म्हणून साधी शाई भरली आणि अख्खा गठ्ठा परत आला. बँकेनं लेखी कळवलं: पुन्हा असं झालं तर परवानगी रद्द. मिलचं त्यात काही बिघडणार नव्हतं, बँकेची चेकबुकं होतीच. आबांना मात्र टेबलावर परत जावं लागलं असतं.

मग दिवाळीनंतर धंदा पुन्हा उघडायची लाभपंचम आली. नव्या वर्षाच्या पहिल्या चेकांना कुंकू लावायची शेठची रीत. एकवीस चेक होते. वरचा भाग नाव, रक्कम, सही यांनी भरलेला. मोकळी जागा खालच्या पट्टीतच. शेठचं ओलं बोट तिकडे निघालं.

"शेठ, तिथं नको."

"लक्ष्मीला कंकू नडतं?"

"लक्ष्मीले नाही नडत. मशीनले नडतं. त्याले कुठली दिवाळी?"

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. "बाप-दादांची रीत आहे. बाजूला व्हा."

आबा हलले नाहीत. त्यांनी पट्टीवर आपला पंजा ठेवला. शेठनी क्षणभर पाहिलं आणि पंजावर कुंकू लावलं. दुसरा चेक, पुन्हा पंजा. असं एकवीस वेळा. रीत पाळली गेली, पट्ट्या स्वच्छ राहिल्या, आबांचा हात मनगटापर्यंत लाल झाला. आपण हरलो असं दोघांपैकी कोणीही मानलं नाही.

गठ्ठा पास झाला. परवानगी टिकली. त्यानंतर दोनच महिन्यांनी शेठनी ठरवलं की यापुढे सगळे पैसे कॉम्प्युटरवरून थेट खात्यात पाठवायचे. प्रिंटरवर कापड पडलं. मॅनेजरनं आबांना पुन्हा छपाईच्या टेबलावर पाठवायचा कागद तयार केला. शेठनी तो फाडला.

"मुहूर्ताचं कंकू लागलंय त्यांना. वर्षभर हलवायचं नाही."

बावीस वर्षांचं कसब आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांचा उल्लेख कोणी केला नाही. आबा बंद प्रिंटरशेजारी बसून राहिले. खोकला हळूहळू गेला. वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. "कुंकवाच्या जोरावर किती दिवस बसू, भाऊ?"

शेवटचा हिशेब त्यांनी चेकनं मागितला. शेठ चक्क हो म्हणाले. आबांनी स्वतःच्या नावाचा चेक स्वतः छापला, सहीला नेऊन दिला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि गावी गेले.

चौथ्या दिवशी खात्यातून रक्कम वजा झालेली दिसली. मी फोन लावला.

"आबा, पास झाला."

"बँकेतून कोनी काही बोललं?"

"कोणीच काही नाही."

"मंग बरोबर छापला व्हता," ते म्हणाले आणि फोन ठेवला.