मायचं डिक्टेशन

आधीच सांगते, मी या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमच्या घरात करणी, उतारा, अंगात येणं असले शब्दच नव्हते. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या-आल्या घरातले देव नदीत सोडून दिले. माझी माय तर त्यांच्याही पुढची. गावात कोणी चिंचेखाली काही दिसलं म्हणून सांगत आलं, की ती म्हणायची, "भुतं-बितं काई नसते वं. पोट असते. पोट भरलं की काईच दिसत नाई."

तर अशा बाईच्या बाबतीत हे घडलं. म्हणूनच लिहिते आहे. या सदरातले अनुभव मी आजवर नुसते वाचत होते... बरेचसे खोटे वाटायचे. माझाही कोणाला वाटला तर माझी काही हरकत नाही.

मी वर्धेला एका सरकारी ऑफिसात स्टेनो आहे. राहते नालवाडीला. साहेब बोलतात, मी ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेते, मग टाइप करते. या कामाची एक गंमत आहे. चांगला स्टेनो ऐकताना विचार करत नाही. कानातून आलेलं थेट बोटातून जातं, मधे डोकं येत नाही. सस्पेन्शनची ऑर्डर असो की शोकसंदेश, बोटांना सगळं सारखंच.

माहेर वडनेर, हिंगणघाट तालुक्यात. बाबा लवकर गेले. माय दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. सहीच्या जागी अंगठा. मी बारावी झाल्यावर हिंगणघाटच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घालायला तीच मला घेऊन गेली. क्लासमध्ये सगळे मुलगेच होते. ते पाहून ती दारातच थांबली. तेव्हा इन्स्टिट्यूटचे सर तिला म्हणाले, "मावशी, विलायतेत हे काम बायाच करतात. आधी तिथंही पुरुषच करायचे. मशीन आलं अन् बाया आल्या. आपल्याकडे पण येतील, पाहा तुम्ही."

माय थोडा वेळ विचार करून म्हणाली, "तिकडं करतेत तं इथं काऊन नाई?" आणि माझं नाव लागलं.

संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं, म्हणून काही महिने ती बाहेरच्या पायरीवर बसून राहायची. आत आमची वीस-पंचवीस मशीनं खडखडत असायची. ती भिंतीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून बसलेली. आत काय चालतं हे तिनं कधी विचारलं नाही. मशीनला तिनं कधी हातही लावला नाही. हे मी खात्रीनं सांगू शकते.

आता गेल्या वर्षीचं. पाऊस संपत आला होता. दुपारी धाकट्या भावाचा, प्रकाशचा फोन आला. वडनेरला त्याची पिठाची चक्की आहे, माय त्याच्याकडेच असायची. म्हणाला, "ताई, माय चहा पिऊन राह्यली होती... कप हातातून पडला. बोलून नाई राह्यली." मी साहेबांना सांगितलं, हातातलं पत्र पूर्ण केलं, पर्स उचलली आणि निघाले. पत्र पूर्ण का केलं, माहीत नाही.

प्रकाशनं तिला वर्धेच्याच दवाखान्यात आणलं. मेंदूत रक्तस्राव होता. मोठा. वाचा गेली, उजवी बाजू पूर्ण गेली. डॉक्टर तरुण मुलगी होती, चांगली होती. तिनं मायचा उजवा हात उचलून सोडून दाखवला. हात ओल्या कापडासारखा पडला. नखावर पेन दाबला तरी काही नाही. डावा हात थोडा हलायचा. डोळे अर्धे उघडे, पण ओळख दिसत नव्हती.

मी रजा टाकली आणि कॉटजवळच्या स्टुलावर बसून राहिले. दिवस कसे गेले ते आठवत नाही. रडू आलं नाही. शेजारच्या कॉटवरच्या बाईची सून मला म्हणायची, "बाई, थोडं रडून घ्या, बरं वाटते." मी हो म्हणायची आणि सलाइनच्या थेंबांकडे पाहत बसायची.

अशाच एका सकाळी मी मायचा डावा हात माझ्या मनगटावर ठेवून बसले होते, आणि मनगटावर ठोके जाणवले. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट, मधलं, तर्जनी. मग तर्जनी थोडी आत सरकली आणि पुन्हा जागेवर आली. थोडं थांबून परत तेच. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, तर्जनी, आत, जागेवर.

ज्यांनी टायपिंग केलं आहे त्यांना हे वाचतानाच कळलं असेल. मशीन इंग्रजी असो की मराठी, तो पहिला धडा आहे, कोणत्या बोटाखाली कोणतं अक्षर ते बोटांना लावणारा. डाव्या हाताचा. महिनाभर दुसरं काही करू देत नाहीत. आणि डाव्या हातानंतर उजवा हात येतो.

मी उठून पलीकडच्या बाजूला गेले. उजवा, मेलेला हात उचलून माझ्या हातावर ठेवला. गार होता. वाट पाहिली... आणि करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, तर्जनी, आत, जागेवर.

घाबरले का? नाही. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. हात तसाच धरून मी डॉक्टरला हाक मारली. तिनं येऊन हात उचलला, सोडला, पडला. परत पेन दाबला. काही नाही. म्हणाली, "या हातात ताकद यायचा प्रश्नच नाही हो. असे झटके कधीकधी येतात, त्याला अर्थ नसतो. तुम्ही झोपल्या आहात का नीट?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग झोपा.

मलाही तेच पटलं. झोप नाही, वरून पंचवीस वर्षं हेच काम. माणसाला भास होणार नाही तर काय?

दुपारी वानखडे भाऊ डबा घेऊन आले. आमच्या ऑफिसातले दुसरे स्टेनो, माझ्याहून सीनियर, पुढच्या वर्षी रिटायर होणार. मी जेवत होते तेव्हा ते ऑफिसातलं सांगत बसले. साहेबांना नवीन सॉफ्टवेअर मिळालं आहे, बोललं की आपोआप टाइप होतं. "'अकोला'चं 'अबोला' करते, पण करते," म्हणाले. "माझ्यानंतर ही पोस्ट भरतच नाहीत, ताई. माझी पोरगी पुण्यात कुण्या अमेरिकन साहेबाची सेक्रेटरी आहे. त्यानं तिला आजपर्यंत एक ओळ सांगितली नाही. तो आपलं आपणच टाइप करते. ही त्याच्या मीटिंगा सांभाळते, विमानाची तिकिटं काढते. मी म्हटलं, मग तू सेक्रेटरी कायची?"

मी काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "भाऊ, मायचा हात जरा धरता का? मी डबा धुऊन येते."

परत आले तेव्हा ते हात धरूनच बसले होते, पण चेहरा उतरला होता. हळूच म्हणाले, "ताई... मावशी टायपिंग शिकल्या होत्या का?"

"नाही."

"हा तर पहिला धडा आहे."

म्हणजे भास नव्हता. निदान माझ्या एकटीचा नव्हता.

तेवढ्यात प्रकाश आला, त्याच्या मागोमाग डॉक्टर. छातीत कफ भरत होता, श्वास पुरत नव्हता. तिनं आम्हाला सरळ सांगितलं, गळ्याला छिद्र करून नळी घालावी लागेल, मशीन लावावं लागेल. "त्यानं त्या बऱ्या होतील असं मी म्हणत नाही. श्वास चालू राहील. आज संध्याकाळपर्यंत ठरवा." आणि ती दुसऱ्या पेशंटकडे गेली.

प्रकाश कॉटच्या पायथ्याशी उभा होता. डोळे लाल. म्हणाला, "ठरवाचं काय आहे त्यात? नळी लावून टाकू. जरा बरं वाटलं की मंग घरी नेऊ तिले."

त्याचं बोलणं संपलं आणि मायची बोटं थांबली.

डावा हात वानखडे भाऊंच्या हातावर होता. मी उजव्या बाजूला बसले, उजवा हात घेतला. का घेतला? सवयीनं, दुसरं कारण नाही. आणि बोटं परत सुरू झाली. पण आता धडा नव्हता.

माझ्याकडे तर्जनी पुढे सरकली, म्हणजे मशीनवर एक ओळ वर. मी बोलून गेले, "न."

पलीकडून वानखडे भाऊ म्हणाले, "मधलं बोट. क."

माझ्याकडे मधलं बोट. "काना."

"मात्रा," वानखडे भाऊ म्हणाले.

मराठी मशीनवर 'को' असाच बनतो. आधी क, मग काना, मग वरून मात्रा. परत तेच आलं. न, क, काना, मात्रा. वानखडे भाऊंना एकट्यांना त्यातून काही कळलं नसतं, मलाही नाही. अर्धी अक्षरं त्यांच्या हातात पडत होती, अर्धी माझ्या. ज्या बाईला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं तिच्या दोन हातांतून, आणि त्यातल्या एका हातात तर डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणे जीवच नव्हता.

प्रकाश ओरडला, "काय करून राह्यले तुमी दोघं?"

"माय 'नको' म्हणते," मी म्हटलं.

"काय नको?"

मी खाली वाकून तिच्या कानाशी विचारलं, "माय, काय नको वं? नळी नको का?"

बोटं क्षणभर तशीच राहिली. मग करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, तर्जनी... पहिला धडा. परत विचारलं. परत पहिला धडा. मग तेही थांबलं.

प्रकाश खाली बसला. मग म्हणाला, "ताई, तुले आठवते का? घरी मशीन नोयतं तं तू मायच्या पाठीवर बोटं ठोकत राह्यची. ती पालथी पडून राह्यची, अन् तू तिच्या पाठीवर."

मला आठवत नव्हतं. अजूनही नीटसं आठवत नाही. पण तो खोटं कशाला बोलेल? कामावरून आली की माय पालथी पडायची हे खरं. मी ठोकत असेन. तिला बरं वाटत असेल.

तेवढ्यावरून धडा तिच्या अंगात मुरला असेल, हे मी समजू शकते. पण शब्द? कोणतं बोट म्हणजे 'न', हे पाठीला कसं कळणार? आणि उजव्या हाताचं काय?

संध्याकाळी प्रकाशच डॉक्टरला म्हणाला, "नळी नको." सही त्यानं केली. आम्ही मायला वडनेरला नेलं. त्यानंतर तिचे हात हलले नाहीत. मी पाहत होते, सारखी हातात हात घेऊन. चार-पाच दिवसांनी भर दुपारी ती गेली. बाहेर कोणाचं तरी सोयाबीन वाळत होतं. भंतेजी आले, वंदना झाली, मी सगळ्यांना चहा दिला. रजा संपल्यावर ऑफिसात गेले आणि साहेबांनी सांगितलेलं पत्र घेतलं. एकही चूक झाली नाही.

दिवाळीनंतर मी वडनेरला गेले होते. प्रकाशनं चक्की बंद केली आणि कपडे झटकत माझ्याजवळ येऊन बसला.

"ताई, एक इचारू?"

"विचार."

"मायनं 'नको' म्हटलं ना, त्याच्या आधी मी दोन गोष्टी बोललो होतो. नळी लावू म्हटलं. अन् मंग घरी नेऊ म्हटलं."

"हो."

"मंग तिले घरीच यायचं नसन तं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, प्रकाश."

"नाई तं मंग बोट ठोकनंच नको म्हणत होती का? तुमी दोघं तिचे हात धरून बसले होते ना..."

तो हाताला लागलेलं पीठ पुसत राहिला. मग म्हणाला, "नळी लावली नाई, घरी आणलं. दोनातलं एक तरी तिच्या मनासारखं झालंच असन." तेवढ्यात एक बाई ज्वारीचा डबा घेऊन आली. तो उठला, चक्की सुरू केली, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्याच डॉक्टरला मी नंतर फोनवर विचारलं होतं. तिनं तेच सांगितलं, झटके. दोन माणसांना एकच शब्द कसा लागला म्हटलं, तर म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही." मलाही येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.

वानखडे भाऊ आता रिटायर झाले. परवा बाजारात भेटले तेव्हा हा विषय मीच काढला. त्यांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "अर्थ मला नका विचारू, ताई. पण आपण घेतलं ते बरोबर घेतलं. एक अक्षर चुकलं नाही."