चिनी गाडग्यातली रेती

लातूरच्या एक बाई शिरूर अनंतपाळला आमच्या घरी फुटकं गाडगं घेऊन आल्या, तव्हा माझं लेकरू अंगावर पीत होतं. बाईंचा पोरगा चीनला डाक्टरकी शिकायला गेल्ता, त्यानं आणलेलं. चपटं बूड, आतून चकचकीत, बाहीरून तार गुंडाळलेली. बाई म्हणल्या, असंच करा, पण आपल्या घरात चालंल असं. चार माणसांचं वरण मावावं, धरायला मोठे कान असावेत, वर झाकण बसावं, गॅसवर डगमगू नये. चमक नको, साधी मातीच बरी. जमलं तर त्यांच्या भिशीतल्या बाया बी घेणार होत्या.

आम्ही कुंभार, पण लई वर्षं झाली, माठ अन् पणत्याच करतोय. माझ्या मालकानं पुण्यात वॉचमनच्या कामाला एकाला शब्द देऊन ठेवलेला. मला म्हणले, "हे गाडगं गॅसवर टिकलं तर राहतो. न्हाई तर जातो."

मी सातवीपस्तोर शिकलेली, एकटी कधी दवाखान्यात बी गेले न्हाई. सासूला गुडघ्यानं उठता येत न्हाई. मालक गेल्यावर लेकराला ताप चढला तर कुणाच्या गाडीवर बसू, हेच डोक्यात फिरून राहिलं.

पहिलं गाडगं गॅसवर ठेवलं अन् टक्कन वाजलं, बूड गेलं, पाणी शेगडीवर, जाळ विझला, अन् मी लेकरू उचलून अंगणात पळाले. आतून सासू म्हणली, "अगं, आधी गॅस तरी बंद कर, मग पळ."

दुसरं बी तसंच गेलं. मालकानं माळ्यावरची बॅग खाली काढली.

मी माती चाळायला बसले, हात चालंना. लेकरू रांगत आलं अन् चिनी गाडग्याचा तुकडा तोंडात घालाया लागलं. मी हिसकून घेतला, तर फुटल्या कडेला बोट खरखरलं. सगळी रेतीच की. अन् मी इथं मैद्यावानी माती चाळून राहिले. भीतभीत सासूला दाखवलं, मालकाला सांगायची हिंमत कुठली. ती म्हणली, "हाव, चुलीच्या गाडग्यात रेती घालतच होतो की आम्ही, जाळावर तडकू नये म्हणून. माठ करून करून इसरलोच बघ."

सासूनंच मालकाला सांगितलं. ते चिडले, आता सांगता व्हय म्हणले. पण नदीची रेती आणून मातीत तुडवली. गाडगं वाळंपर्यंत, भाजंपर्यंत पुण्याच्या माणसाचे फोन येऊन राहिले.

मग त्या गाडग्यात तांदळाची पेज चढवली, बारीक जाळावर. लेकरू सासूजवळ, माझा हात गॅसच्या बटनावर. बुडातून पाणी पाझराया लागलं, चर्र चर्र. गेलं आता, म्हणून मी डोळेच मिटले. पण पेज दाट होत गेली तशी बारीक भोकं बुजली, पाझरणं कमी झालं, मग थांबलंच.

गाडगं लातूरला गेलं. बाईंचा फोन आला, वरण छान झालं म्हणल्या, झाकण तेवढं हलतंय, ते नीट करा अन् भिशीतल्या बायांसाठी आणखी करा.

त्याच दुपारी पुण्याचा फोन आला. मी दाराआड उभी. मालक म्हणले, "सध्या न्हाई जमणार."

सध्या, म्हणले. मी लेकरू काखंत घेतलं अन् रेती चाळायला बसले.