कमेंडेशनमधलं दुसरं नाव

निवृत्तीच्या काही महिने आधी वडिलांना कमेंडेशन जाहीर झालं. ते भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवत. यंत्रात अडकलेला, पोलाद लाटायचा एक अवजड रोल त्यांनी कुणालाही इजा न होता बाहेर काढला होता.

मी वर्तमानपत्रात काम करत असल्यामुळे इंग्रजी शब्दांचे अर्थ मलाच विचारले जात.

“कमेंडेशन म्हंजे शाबासकीच ना?” सेक्टर २च्या क्वार्टरमध्ये बूट काढता काढता वडिलांनी विचारलं.

मी सांगितलं, शाबासकी तोंडी असते. कौतुक घरचेही करतात. कमेंडेशन वरिष्ठ देतात, एका ठरावीक कामासाठी, आणि ते काम कुणी केलं याची नोंद राहते.

“मंग एकच नाव कावून?”

राहून गेलेलं दुसरं नाव त्यांच्या खलाशाचं. हा खलाशी म्हणजे खाली उभा राहून वजनाला दोर बांधणारा आणि हाताने इशारे देणारा माणूस. उंचावरच्या केबिनमधून खालचं सगळं दिसत नाही. खलाशाचा इशारा आल्याशिवाय वडील हुक हलवत नसत. तो छत्तीसगढीत बोलायचा आणि वडील त्याला हिंदीत उत्तर द्यायचे.

वडील साहेबांना भेटले. शिफारस एकाच नावाची गेली होती, आता त्यात बदल होणार नाही, असं साहेबांनी सांगितलं.

“घेऊन या ना जी गुपचूप,” आई म्हणाली. “जाता जाता साहेबासंग कायले भांडून राहिले?”

“भांडत नाही वो मी. इचारून राहिलो.”

समारंभात नाव पुकारलं गेलं. वडील उठले नाहीत. पुन्हा पुकारलं. ते मान वळवून मागच्या रांगेकडे पाहत होते. तिथे खलाशी बसला होता.

“उठ ना गा, का देखत हस?” तो ओरडला.

“पहले इशारा तो दे!”

हॉलमध्ये हशा पिकला. खलाशी उभा राहिला आणि त्याने तर्जनी वर करून हात गोल फिरवला. वजन उचलण्याचा इशारा. वडील उठले.

माईकवर ते एवढंच बोलले, “साहब, काम दो आदमी का है. ये नीचे नहीं होता, तो मैं ऊपर बैठ के क्या करता?”

साहेबांनी खलाशाला मंचावर बोलावून घेतलं. नंतर त्याच्या नावाची वेगळी शिफारस गेली. त्याचं कमेंडेशन आलं तेव्हा वडील निवृत्त झाले होते. त्या समारंभाला ते पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते.