रंगनाथरावांचं शुद्ध मशीन

रंगनाथरावांच्या संगणकात विंडोजऐवजी लिनक्स आहे, त्याला व्हायरस लागत नाही आणि तो कुठल्या कंपनीचा मिंधा नाही, हे ठाऊक नसलेला माणूस परभणीत वसमत रोडवरच्या त्या गल्लीत सापडणं कठीण. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक असलेले रंगनाथराव लग्नाच्या पंगतीतही शेजारच्याला लिनक्स वाढायचे. भाजी संपायची, लिनक्स संपायचं नाही. दारू सुटलेला माणूस गुत्त्याकडे बघतो, तसे ते विंडोजवाल्यांकडे बघत.

त्यांच्या बायकोला, बी.ए. झालेल्या रेणुकेला, या मशीनबद्दल एवढंच कळत होतं की ते बंद पडलं की घरातला माणूसही बंद पडतो.

ते नेमकं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडलं. त्या दिवशी दुपारी चारला त्यांच्या मुलीची, सृष्टीची, मुलाखत होती. पुण्याच्या कंपनीची. कॅमेऱ्यासमोर बसून प्रोग्राम लिहून दाखवायचा होता. मोबाइल चालणार नाही, असं आधीच कळवलेलं. वर्षभरात आलेलं हे पहिलंच बोलावणं. आणि सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं.

"एक्स सर्व्हर उठंना," रंगनाथराव म्हणाले. म्हणजे पडद्यावर चित्रं, खिडक्या उमटवणारा जो भाग असतो, तो. "पडदा सापडंना म्हणायलाय."

"पडद्यावरच लिहून सांगायलाय की, पडदा सापडंना म्हणून," रेणुका म्हणाली.

रंगनाथरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. अडाणी माणसाला क्षमा करण्याची त्यांना सवय होती.

पण रेणुकेला वेगळीच शंका आली. खंडेनवमीला विळी, कात्री आणि शिलाई मशीनबरोबर तिनं संगणकही पूजेला मांडला होता. सगळ्या वायरी काढल्या, डबा ओल्या फडक्यानं पुसला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वायरी परत लावल्या. पूजलेल्या हत्याराला दसऱ्याला हात लावायचा नाही, म्हणून नंतर कुणी ते सुरूही केलं नाही. आता, पडद्याच्या वायरीसाठी मागे सारख्याच दोन खाचा होत्या, एक वर, एक खाली. आधी वायर कुठं होती ते आठवेना, तेव्हा तिनं वरची धरली. वरचं ते चांगलं.

"अहो, परवा मी वायरी..."

"वायर चुकली असती तर अक्षरं दिसली असती का? हा सॉफ्टवेअरचा घोळ हाय. तू हार्डवेअरमध्ये डोकं घालू नको."

सृष्टी बाहेर आली, तर तिलाही तयारी करायला आत पिटाळलं. मग त्यांनी लॉग, म्हणजे मशीननं स्वतःच्या कामाची लिहिलेली नोंदवही, वाचायला घेतला. पोरीचं प्रगतिपुस्तक त्या माणसानं इतक्या मन लावून कधी वाचलं नव्हतं. पाठोपाठ, पडदा कुठं शोधायचा हे मशीनला सांगणारी एक फाइल उघडून ते तिच्यात काही लिहीत, मशीन परत सुरू करत, मान हलवत, आणखी काही लिहीत.

आवाज ऐकून शेजारचे परमेश्वर मास्तर डोकावले.

"काय राव, देवी उठली अन् मशीन झोपलं व्हय? माझा लॅपटॉप घ्या. लेकराचं काम हाय."

"चोरीच्या विंडोजवर माझी पोरगी मुलाखत देणार न्हाई."

"नोकरी लागल्यावर विकतचं घेईल की."

रंगनाथरावांना तत्त्व प्यारं होतं. मुलाखत दुसऱ्याची असली की तत्त्व फार स्वस्त पडतं. रेणुका मास्तरांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, चार्जिंगला लावून ठेवा."

तीन वाजून गेल्यावर रंगनाथराव जेवायला उठले. रेणुकेनं मशीन बंद केलं, वायर खालच्या खाचेत लावली, पुन्हा सुरू केलं. अक्षरं तीच. तिनं सृष्टीला हाक मारली.

"वायर वरच्या खाचेत होती. मीच लावली होती परवा," ती म्हणाली.

सृष्टीनं मागे वाकून पाहिलं. "वरची खाच मशीनची स्वतःची आहे. खालची बाबांनी चित्रांसाठी वेगळं आणलेल्या कार्डाची. अक्षरं दोन्हीकडून उमटतात, पण बाबांनी मशीनला बजावून ठेवलंय, चित्र कार्डातूनच काढायचं म्हणून. वायर दुसरीकडं असल्यावर त्याला पडदा सापडेल कसा?"

"मग आता का चालू होईना?"

सृष्टीनं वडिलांची फाइल वाचली. "आता बाबांची दुरुस्ती आडवी आली. एकाला एक न जुळणारे हुकूम झालेत यात."

रंगनाथराव उष्ट्या हातानं दारात उभे होते.

"बाबा, ही फाइलच बाजूला काढते. फाइल नसली की ते आपलं आपण शोधतं."

"सकाळपासून लिहिलंय मी ते."

"म्हणूनच."

त्यांनी उष्ट्या हातानंच 'काढ' अशी खूण केली. चारला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर नेहमीचा येलदरी धरणाचा फोटो उमटला.

मुलाखत चालली तोवर रेणुका बंद दाराबाहेर तोच कोपरा पुसत राहिली. सृष्टी बाहेर आली.

"काय विचारलं?" रंगनाथराव.

"मशीन चालंना तर आधी काय तपासता, असं एकानं विचारलं."

"लॉग म्हणालीस ना?"

"मी वायर म्हणाले. हसले ते. सोमवारी पुढच्या फेरीला बोलावलंय."

"लॉग म्हणायचं होतं," रंगनाथराव पुटपुटले.

संध्याकाळी ते फाटकावर मास्तरांना सांगत होते, "फाइल काढली तर गड्यानं पडदा आपला आपण शोधला. जमलं असतं तुमच्या विंडोजला?"

आत रेणुका कुंकवाचं बोट घेऊन मशीनच्या मागे गेली आणि खालच्या खाचेशेजारी ठसठशीत टिळा लावून आली. खंडेनवमी काय, दरवर्षी येते.