उलट्या आट्यांचा स्क्रू

आमच्या गल्लीत एक बातमी बरीच वर्षं फिरत होती, की आमच्या 'चौकशी'ने अंथरुणाला खिळलेल्या बापाचं मनगटी घड्याळ परस्पर विकून खाल्लं. बातमी सांगणारा आधी इकडेतिकडे बघायचा, मग आवाज खाली आणायचा, 'जाऊ दे, आपल्याला काय करायचंय' म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. न्हाव्याच्या खुर्चीत तर ती दाढीच्या साबणाबरोबर फुकट मिळायची.

चौकशी म्हणजे बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसणारा गृहस्थ. लोकांनी खिडकीवरची पाटी त्याच्या कपाळाला चिकटवली, ती चिकटलीच. कुठली गाडी किती वाजता, कुठे थांबते, कुठे थांबत नाही, सगळं तोंडपाठ. खिडकीतून तोंड घालून कोणी खेकसलं तरी हा शांतपणे सांगायचा. घरी मात्र त्याला दुसरं नाव होतं. ते बापाने ठेवलेलं. भूकंप.

बाप, म्हणजे अप्पा, कारखान्यात फिटर. हात असा, की बिघडलेलं यंत्र नुसतं त्यांना बघून सरळ व्हायचं म्हणे. थोरला मुलगा त्यांच्यावर गेला, इंजिनिअर झाला, दूरच्या शहरात मोठमोठी यंत्रं सांभाळू लागला. धाकटा हा. लहानपणी याने सायकलची चेन बसवायला घेतली आणि चाकच हातात आलं, तेव्हापासून भूकंप. नातवंडं झाली तरी अप्पा सुनेला सांगायचे, "काचेच्या ग्लासातून पाणी पाठवू नकोस गं, भूकंप घेऊन येतोय." सगळे हसायचे. भूकंपही हसायचा. ते हसणं मी पाहिलंय. दात दिसायचे, बाकी काही नाही.

शेवटी अप्पा पडले, कंबर मोडली, पलंग धरला. मनगटावर चावीचं जुनं घड्याळ. रोज सकाळी उठल्या उठल्या त्याला चावी द्यायची, कानाला लावायचं, मग चहा. एके सकाळी चावी दिली, कानाला लावलं आणि चहा परत पाठवला. घड्याळ बंद पडलं होतं.

"कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे टाकून येतो," चौकशी म्हणाला.

"तो वरवर चकाकी आणून पैसे उकळणारा माणूस. दादा यायचाय महिनाअखेर, तो बघेल," अप्पा म्हणाले. "तू हात लावू नकोस."

बस. एवढ्या एका वाक्यावर आमच्या चौकशीने ठरवलं, की दादा यायच्या आत हे घड्याळ चालू करायचं, आणि स्वतःच्या हाताने करायचं. म्हाताऱ्याने एकदा, मरायच्या आधी एकदा, 'कोणी केलं?' म्हणून विचारावं आणि उत्तर ऐकून गप्प बसावं. याहून जास्त त्याला काही नको होतं.

"पट्टा कुजलाय, बदलून आणतो," असं सांगून त्याने घड्याळ काढून घेतलं.

सकाळची पाळी संपवून दुपारी घरी आला की मागच्या खोलीत शिरायचा, खिडकी लावायचा, पंखा बंद करायचा. वाऱ्याने बारीकसा भाग उडाला तर शोधणार कुठे? टेबलावर पांढरा कपडा, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर उशीला टेकवलेला मोबाइल. मोबाइलमध्ये कोणीतरी दोन हात घड्याळ उघडून दाखवायचे. कपाळाचा घाम घड्याळात पडू नये म्हणून डोक्याला बायकोची जुनी ओढणी बांधलेली. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा द्यायला गेल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, हे काय? बाळंतीण दिसताय!"

"दार लाव. आणि श्वास जरा तिकडे सोड."

"घड्याळवाल्याकडे द्या ना गुपचूप. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना," चौकशी म्हणाला. म्हटलं तर बाणेदार, म्हटलं तर मूर्ख.

आणि खरं सांगतो, त्याला जमलं! मागेपुढे झुलणारं ते नाजूक चाक त्याने सुखरूप बाहेर काढलं, आतलं काळं पडलेलं जुनं तेल पुसलं, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सुईच्या टोकाने दिला, चाक परत ठेवलं, आणि ते झुलायला लागलं. हा माणूस स्वयंपाकघरात धावत आला, कणकेचे हात असलेल्या बायकोच्या कानाला घड्याळ लावलं. दोघं उभी. वहिनी म्हणाल्या, "चला, द्या अप्पांना."

तेव्हाच दिलं असतं तर ही गोष्ट मी सांगत बसलो नसतो. पण चावी देताना घड्याळ कर्रकर्र करत होतं. चावीने फिरणारं वरचं चाक कुठेतरी घासत होतं. वेळ बरोबर दाखवत होतं, हो. पण अप्पा चावी देणार, कर्रकर्र ऐकणार आणि म्हणणार, 'भूकंपाचा हात लागला वाटतं.' हा एवढा आवाज त्याला नको होता.

दुसऱ्या दुपारी त्याने ते चाक काढायला घेतलं. वर एकच स्क्रू. स्क्रू सोडवायचा तर डावीकडे फिरवायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. याने डावीकडे फिरवला. हलेना. आणखी फिरवला. हलेना. पलीकडच्या खोलीतला बाप जन्मभर सांगत आला होता, अडलेल्या स्क्रूशी लाजायचं नसतं, रेटायचं. याने रेटलं. टक् झालं, स्क्रूचं डोकं तुटून उडालं, हातातला स्क्रूड्रायव्हर घसरला तो सरळ त्या झुलणाऱ्या चाकावर. चाकाखालची केसासारखी स्प्रिंग ओढली गेली, तिचा गुंता झाला. चाक थांबलं.

त्या स्क्रूचे आटे उलटे असतात. उजवीकडे फिरवला तरच सुटतो. चौकशीला हे नंतर कळलं. अप्पांना ते झोपेतही सांगता आलं असतं, भिंतीपलीकडेच तर होते. सबंध गावाच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या या माणसाला बापाला एक प्रश्न विचारणं जमलं नाही.

घड्याळवाल्याकडे जायची सोय नव्हती. तो दुपारी चारचौघांत जे उघडायचा त्यात घड्याळं कमी आणि लोकांची घरं जास्त.

दादा आला. अप्पांनी आल्या आल्या विचारलं, "भूकंप, घड्याळ आण रे. दादाला दाखवू."

"हरवलं," चौकशी म्हणाला.

"कुठे?"

"बसमध्ये. पट्टा बदलायला जाताना."

दादा हसला. "कोपऱ्यावर जायला बस पकडलीस?"

दादाबरोबर आलेली त्याची बायको, वहिनींच्या थोरल्या जाऊबाई, स्वयंपाकघरातून, सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "विचारू नका हो जास्त. जुन्या घड्याळांना हल्ली भाव आहे म्हणतात."

वहिनी तोंड उघडणार तेवढ्यात चौकशीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की त्यांनी पदर तोंडात धरला. अप्पा कुशीवर वळले. बराच वेळ धाकट्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"विकलं असशील तर विकलंस," ते म्हणाले. "उघडलं तर नाहीस ना?"

"नाही," चौकशी म्हणाला.

"मग ठीक," म्हणून अप्पांनी डोळे मिटले.

त्या पावसाळ्यात अप्पा गेले. दिवसकार्याला आलेल्या नातेवाइकांनी बातमी गावोगाव नेली, उरलेली गल्लीने वाटून घेतली. खिडकीत तोंड घालून कोणीतरी खवचटपणे विचारायचं, "काय चौकशी, वाजले किती?" आणि हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ सांगायचा. भाऊ येईनासा झाला. चौकशीने कधी एका अक्षराने खुलासा केला नाही, बायकोलाही करू दिला नाही. तो स्वतः गेल्यावरच वहिनींनी मला सांगितलं.

त्याने घड्याळ विकलं नव्हतं. दुरुस्त करताना त्याच्या हातून मोडलं होतं.